ब्राऊन शुगरचा पेशंट वॉर्डात आला की: पहिल्या तासापासून डिस्चार्ज कार्डापर्यंत

मांडीवर गळू घेऊन आलेला पेशंट तिसऱ्या दिवशी डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरचा सल्ला डावलून स्वतःच्या जबाबदारीवर, निघून जातो. इंडोर पेपरवर लिहिलं जातं, 'पेशंटला राहायचं नाही.' बहुतेक वेळा त्याला राहायचं असतं. पण त्याची टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास, चढलेली असते आणि तिकडे कुणी पाहिलेलं नसतं. आठ दिवसांनी तोच पेशंट सेप्टिक होऊन परत येतो किंवा येतच नाही. चूक अँटिबायोटिकमध्ये नसते, कामाच्या क्रमात असते.

हा लेख मुंबईतल्या हॉस्पिटलांमधले हाउसमन, सिस्टर आणि समाजसेवा अधिकारी यांच्यासाठी आहे. नातेवाइकांनी निदान शेवटचे दोन टप्पे वाचावेत. डोस मोठ्या माणसांचे आहेत. अंतिम निर्णय युनिट आणि मानसोपचार विभागाचा.

आधी एक घोळ मिटवू

ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीची औषधं: गर्द किंवा ब्राऊन शुगर (कच्चं हेरॉइन), अफू, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, पेंटाझोसिन, टोचून घेतलेलं बुप्रेनॉर्फिन. मुंबईत सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो 'एमडी'चा. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते ओपिऑइड नाही. चरस-गांजाही नाही, 'बटन' म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्याही नाहीत. ओपिऑइडच्या टर्कीवर जिभेखाली दिलं जाणारं बुप्रेनॉर्फिन हेच मुख्य औषध; पण नुसती एमडी घेणाऱ्याला ते देऊन काही साधत नाही, उलट नवी सवय लागण्याचा धोका. म्हणून 'ड्रग्ज घेतो' एवढं केसपेपरवर लिहून भागत नाही.

तयारी: पेशंटच्या खाटेजवळ जाण्याआधी

- टर्की मोजायचा कॉज (COWS) तक्ता, छापलेला. अकरा लक्षणं, प्रत्येकाला गुण. मोबाइलवरचा तक्ता नाइट ड्यूटीला सापडत नाही.
- बुप्रेनॉर्फिनच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्या, २ मिग्रॅ आणि ०.४ मिग्रॅ, साधी किंवा नॅलॉक्सोनसोबतची (नॅलॉक्सोन म्हणजे ओपिऑइडचा असर उलटवणारं औषध). बाहेरच्या केमिस्टकडे ही गोळी मिळेल असं गृहीत धरू नका. ती मानसोपचार विभागाकडून आणायची आणि डबल लॉकमध्ये, रजिस्टरवर ठेवायची.
- नॅलॉक्सोनच्या ०.४ मिग्रॅच्या किमान ५ अँप्यूल, मास्कसह अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), ऑक्सिजन, पल्स ऑक्सिमीटर. सगळं एकाच ट्रॉलीवर.
- क्लोनिडिन, लोपेरामाइड, ऑन्डान्सेट्रॉन, डायसायक्लोमिन, ओआरएस.
- मानसोपचार विभागाच्या ऑन-कॉलचा एक्स्टेन्शन नंबर, सिस्टरच्या टेबलावर चिकटवलेला.

मानसोपचार विभागाला रेफरन्स पेशंट दाखल झाल्याच्या दिवशीच पाठवा. शुक्रवारी रात्री आलेल्या पेशंटचा रेफरन्स सोमवारच्या राउंडवर ढकलला, तर सोमवारी पेशंट खाटेवर नसतो.

टप्पा १: पहिला तास, विचारपूस

नातेवाइकांना पडद्याबाहेर पाठवा. आवाज खाली ठेवा, शेजारच्या खाटेवरचा ऐकत असतो. 'गर्दुल्ला' हा शब्द हँडओव्हरमध्येसुद्धा नको. तो पेशंटच्या कानावर गेला की पुढची सगळी उत्तरं खोटी येतात.

१. काय घेता? ओढता, पन्नीवर घेता की टोचता?
२. दिवसाला किती? 'ग्रॅम किती' असं विचारू नका. 'किती पुड्या, किती रुपयांच्या' असं विचारा.
३. शेवटचं कधी घेतलं? 'सकाळी' हे उत्तर चालत नाही, तास हवा. पुढचा सगळा हिशोब याच आकड्यावर चालतो.
४. सोबत दारू किंवा बटन? रोज?
५. आधी कुठे बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (उपचारात वापरलं जाणारं, लांब चालणारं ओपिऑइड) चालू होतं का? हो असेल तर त्या केंद्राला फोन करून डोस आणि शेवटचा डोस घेतल्याची तारीख पक्की करा. पेशंटने सांगितलेला डोस तसाच लिहायचा नाही.

लघवीच्या साध्या ओपिएट पट्टीवर ट्रामाडॉल आणि बुप्रेनॉर्फिन सहसा येत नाहीत. पट्टी निगेटिव्ह आली म्हणून पेशंटला खोटं पाडू नका.

> तपासा: केसपेपरवर शेवटच्या वापराची वेळ तासासकट लिहिली आहे ना? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: ही टर्कीच आहे का?

गर्दची टर्की शेवटच्या वापरानंतर ६ ते १२ तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि आठवडाभरात उतरते. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात पिळवटणं, जुलाब, पाय एका जागी न राहणं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. बाहुल्या टाचणीएवढ्या असतील आणि पेशंट पेंगत असेल, तर ती टर्की नव्हे, नशा आहे.

कॉजवर ५ ते १२ सौम्य, १३ ते २४ मध्यम, २५ ते ३६ बरीच तीव्र, ३६ च्या पुढे तीव्र. ताप किंवा वेदना असलेल्या पेशंटची नाडी तशीही जलद असते. म्हणून बेरजेपेक्षा बाहुल्या, काटा आणि जांभया यांवर जास्त भरवसा ठेवा. बाहुल्या आणि काटा यांचं तर सोंगही आणता येत नाही.

> थांबा: ओपिऑइडच्या टर्कीत माणूस भ्रमिष्ट होत नाही, त्याला फिट येत नाही. यातलं काहीही दिसलं तर दारूची किंवा बटनची टर्की, ट्रामाडॉलमुळे आलेली फिट, मेंदूतला संसर्ग, साखर कमी होणं यांचा शोध घ्या. दारू पिणाऱ्याला ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन द्या.

टप्पा ३: पहिला डोस

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश.

बुप्रेनॉर्फिन मेंदूतल्या रिसेप्टरला घट्ट चिकटतं, पण त्याला अर्धवटच चालवतं. शरीरात अजून गर्द असताना ते दिलं, तर ते गर्दला हुसकावून लावतं आणि अर्ध्या-एक तासात भयंकर टर्की उभी राहते. त्यानंतर पेशंट त्या गोळीला हात लावत नाही, आणि वॉर्डात बातमी पसरते की 'ही गोळी मारते'.

१. वाट पाहा. गर्द असेल तर किमान १२ तास. लांब चालणाऱ्या ट्रामाडॉल गोळ्या असतील तर २४ तास. मेथाडोन असेल तर ३६ ते ७२ तास, आणि तेही मानसोपचार विभागाने सांगितल्यावरच.
२. कॉज किमान ८ व्हायला हवा, १० ते १२ असेल तर उत्तम. तास भरले पण गुण नाहीत, तर आणखी थांबा. गुण भरले पण तास नाहीत, तर शेवटच्या वापराची वेळ पुन्हा विचारा.
३. तोंड ओलं करायला घोटभर पाणी द्या. कोरड्या तोंडात गोळी विरघळत नाही.
४. २ किंवा ४ मिग्रॅ जिभेखाली. ५ ते १० मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही, चहा नाही. गिळलेली गोळी जवळपास वाया जाते. नॅलॉक्सोनसोबतची गोळी असली तरी जिभेखालून नॅलॉक्सोनचा असर नगण्य असतो, ते टोचण्याला आळा घालण्यासाठी असतं.
५. गोळी पूर्ण विरघळली हे सिस्टरने जीभ उचलायला लावून पाहायचं. नंतर पाण्याची चूळ, ब्रश तासाभराने. दात किडण्याचा धोका खरा आहे.
६. एक-दोन तासांनी पुन्हा कॉज. टर्की उरली असेल तर आणखी २ ते ४ मिग्रॅ. पहिल्या दिवशी सहसा ८ मिग्रॅपर्यंत.
७. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाची बेरीज सकाळी एकदम द्यायची आणि गरजेप्रमाणे वाढवायची. बरेच जण ८ ते १६ मिग्रॅवर स्थिरावतात. पेशंट पेंगत असेल किंवा श्वास मिनिटाला १२ पेक्षा कमी असेल, तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरला बोलवायचं.

आता ऑर्डर कशी लिहायची ते. 'टॅब. बुप्रे ४ ओडी' असं लिहू नका. ०.४ आणि ४ यांमधला टिंब घाईच्या अक्षरात हरवतो आणि डोस दहापट चुकतो. त्यात इंजेक्शनही याच नावाने येतं. लिहा: 'बुप्रेनॉर्फिन, २ मिग्रॅच्या २ गोळ्या, एकूण ४ मिग्रॅ, जिभेखाली, सिस्टरच्या समोर.'

दिल्यानंतर टर्की एकदम भडकली तर घाबरून औषध बंद करू नका. मानसोपचार विभागाला फोन करा. बहुधा आणखी बुप्रेनॉर्फिन देऊनच ती उतरते, सोबत लक्षणांवरची औषधं.

बुप्रेनॉर्फिन हाती येईपर्यंत क्लोनिडिन ०.१ मिग्रॅ, दर वेळी बीपी पाहून. वरचा आकडा ९० च्या खाली किंवा नाडी ६० च्या खाली असेल तर द्यायचं नाही. जुलाबाला लोपेरामाइड, उलटीला ऑन्डान्सेट्रॉन, पोटाच्या पिळवटीला डायसायक्लोमिन. याने अंग जरा शांत होतं, तलफ मात्र जात नाही. फक्त क्लोनिडिनवर ठेवलेला पेशंट रात्री दोन वाजता गेटवर सापडतो.

गरोदर बाईची टर्की कधीही उपचाराविना सोडू नका आणि बाळाच्या काळजीने चालू औषधही तोडू नका. त्याच दिवशी प्रसूती आणि मानसोपचार, दोन्ही विभागांना कळवा.

टप्पा ४: वेदना

'त्याला आधीच नशा आहे, वेदना कुठून होणार' हा गैरसमज. उलट अशा पेशंटला वेदना जास्त जाणवते आणि नेहमीचा डोस कमी पडतो.

- चालू बुप्रेनॉर्फिन बंद करू नका, ऑपरेशनआधीही नाही. भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी सांगा. दिवसाचा डोस ६ ते ८ तासांच्या अंतराने वाटून दिला की वेदनेवरही काम होतं.
- पॅरासिटामॉल १ ग्रॅम ठरलेल्या वेळी, 'दुखलं तर' असं नाही. यकृत खराब असेल तर कमी. किडनी ठीक असेल तर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. शक्य तिथे नर्व्ह ब्लॉक.
- तरीही भागत नसेल तर मॉर्फिन किंवा फेन्टॅनिल नेहमीपेक्षा वाढीव डोसमध्ये, देखरेखीखाली. ट्रामाडॉल इथे नको: कमी पडतं आणि फिटचा धोका वाढवतं.

> थांबा: फोर्टविन, म्हणजे पेंटाझोसिन, देऊ नका. फोर्टविन-फेनर्गन ही आपल्या वॉर्डांची जुनी सवय. पण गर्द, मॉर्फिन किंवा मेथाडोनवर असलेल्या माणसाला पेंटाझोसिन, ब्युटॉर्फॅनॉल किंवा नॅल्ब्युफिन दिलं की टर्की ओढवते. केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा.

टप्पा ५: सोबतचे आजार

टोचणाऱ्या पेशंटला ताप आला तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी वेगवेगळ्या जागांहून ३ ब्लड कल्चर; शिवाय हृदयाचा इको. झडपांचा संसर्ग सुरुवातीला साध्या तापासारखाच दिसतो. धनुर्वाताचं इंजेक्शन, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी. एचआयव्हीची तपासणी संमती घेऊन आणि समुपदेशनासह, २०१७ च्या कायद्याची ती अट आहे. कावीळ सीवर राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत उपचार मिळतात. कावीळ बी नसेल तर लशीचा पहिला डोस वॉर्डातच द्या.

मुंबईत टीबीकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. टीबीचं रिफाम्पिसिन हे औषध यकृताला कामाला लावतं आणि बुप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन, दोन्ही रक्तात कमी करतं. टीबीची गोळी सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांत पेशंट 'डोस पुरत नाही' म्हणतो. त्याला नाटकी ठरवलं की तो दोन्ही औषधं सोडतो. योग्य मार्ग म्हणजे डोस वाढवणं. आणि रिफाम्पिसिन संपल्यावर तो पुन्हा तपासून कमी करणं, नाहीतर तोच वाढवलेला डोस जड पडतो. एचआयव्हीसाठी डोल्युटेग्रॅव्हिर चालू असेल तर रिफाम्पिसिनसोबत तेही दिवसातून दोनदा लागतं. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत बेडाक्विलिन आणि मेथाडोन एकत्र आले तर आधी ईसीजी.

टप्पा ६: वॉर्डातले दिवस

बाथरूममध्ये पन्नी किंवा सिरिंज सापडली तर ती शिस्तीची बाब म्हणून हाताळून डिस्चार्ज देऊ नका. बहुधा त्याचा अर्थ डोस कमी आहे. कॉज काढा, श्वास मोजा, डोस वाढवा. सुई हाताने उचलायची नाही, चिमट्याने उचलून पंक्चर-प्रूफ डब्यात टाकायची.

पेशंट बेशुद्ध, बाहुल्या टाचणीएवढ्या, श्वास मंद: आधी अंबू बॅगने श्वास, मग नॅलॉक्सोन. ०.४ मिग्रॅ अँप्यूल सलाइनमध्ये मिसळून १० मिली करा आणि दर २-३ मिनिटांनी १ मिली शिरेतून. पेशंट उठून बसला पाहिजे असा हट्ट नको, श्वास १२ च्या वर आला की पुरे. सगळं एकदम ढकललं तर तो टर्कीत उठतो, मारामारी करतो आणि पळतो. शिवाय नॅलॉक्सोनचा असर साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, गर्द त्याहून जास्त टिकतं. 'शुद्धीवर आला, सोडून दिलं' आणि पुन्हा श्वास थांबला, हे त्यातूनच होतं.

डामाचा कागद पुढे करण्याआधी तीन प्रश्न विचारा: टर्की चढली आहे का? दुखतंय का? बाहेर काही अडलंय का? तिसऱ्याचं उत्तर अनेकदा साधं असतं: फुटपाथवरचं सामान, दिवसाचा रोज, घरी एकटं मूल. समाजसेवा अधिकाऱ्याने दोन फोन केले तर माणूस थांबतो. तरीही जायचंच म्हणत असेल तर रिकाम्या हाताने पाठवू नका: तोंडाने घ्यायचं अँटिबायोटिक, ड्रेसिंगची तारीख, केंद्राची चिठ्ठी. डामा घेतला म्हणून डॉक्टरची जबाबदारी संपत नाही.

टप्पा ७: डिस्चार्ज

याची तयारी दाखल झाल्याच्या दिवशी सुरू होते. डिस्चार्जच्या दिवशी दुपारी बारा वाजता केंद्र शोधायला लागलात तर उशीर झाला.

१. केंद्र ठरवा. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) कार्यक्रमातली ओएसटी केंद्रं, म्हणजे गर्दऐवजी बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देणारी केंद्रं, टोचून घेणाऱ्यांसाठी आहेत. मुंबईत त्यांची माहिती मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण सोसायटीकडे किंवा १०९७ वर मिळते. ओढणाऱ्या किंवा गोळ्या घेणाऱ्या पेशंटला तिथे पाठवलं तर तो परत येतो. त्याच्यासाठी हॉस्पिटलचा मानसोपचार ओपीडी किंवा व्यसनमुक्ती केंद्र. चौकशीला व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६.
२. हॉस्पिटलजवळचं नाही, पेशंट जिथे झोपतो किंवा कामाला जातो तिथलं केंद्र निवडा. ओएसटीचा डोस सुरुवातीला रोज समोर घ्यावा लागतो. मुंब्र्याला राहणाऱ्या आणि सकाळी आठला नाक्यावर उभं राहणाऱ्या माणसाला परळचं केंद्र दिलं तर तो आठवडाभरही टिकणार नाही.
३. केंद्राला फोन करा. वेळ, रविवारची आणि सणाची वेळ, लागणारी कागदपत्रं. आधार नाही, पत्ता नाही, हे आत्ताच सांगा. शक्य असेल तर तिथला कार्यकर्ता वॉर्डात येऊन पेशंटला भेटू दे. तोंडओळख असली की पेशंट पोचतो.
४. डिस्चार्ज सकाळी द्या, त्या दिवशीचा डोस वॉर्डात देऊन. शनिवारी दुपारी नको. मधले दिवस भरून काढायचे असतील तर ते डोस मानसोपचार विभागाकडून ठरवून घ्या.
५. कार्डावर असं लिहा: 'बुप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोन, २ मिग्रॅच्या ४ गोळ्या, एकूण ८ मिग्रॅ, रोज एकदा जिभेखाली. शेवटचा डोस मंगळवारी सकाळी ९.३० ला वॉर्डात दिला. पुढचा डोस बुधवारी सकाळी १० ला, अमुक केंद्र. पेंटाझोसिन देऊ नये.' 'कंटिन्यू सेम' असं लिहिलेल्या कार्डावर केंद्र डोस देऊ शकत नाही, त्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.
६. एचआयव्ही, तुरुंगवास, टोचण्याच्या जागा हे सगळं कार्डावर नको. कार्ड शेठही बघतो, सासूही बघते. ते केंद्राच्या डॉक्टरच्या नावाने बंद पाकिटात, पेशंटला वाचून दाखवून.

> थांबा: नालट्रेक्झोन (ओपिऑइडचा असर अडवणारी गोळी) लिहून देण्याआधी शेवटच्या ओपिऑइडला किमान ७ ते १० दिवस झाले पाहिजेत. बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर असलेल्याला ते द्यायचंच नाही. 'तीन दिवस स्वच्छ आहे' म्हणून दिलं की पेशंट त्याच रात्री टर्कीत कॅज्युअल्टीला.

> तपासा: पेशंटला विचारा, 'उद्या सकाळी कुठे, किती वाजता, कशाने जाणार?' तिन्ही उत्तरं त्याने स्वतः दिली तर सोडा. पावसात लोकल बंद पडली तर काय, हेही विचारा. बुप्रेनॉर्फिनचा असर लांबतो, एक दिवस हुकला तर आभाळ कोसळत नाही. पण मध्ये गर्द घेतलं असेल तर जुनी गोळी खिशातून काढून परस्पर घ्यायची नाही, केंद्रात सांगायचं.

टप्पा ८: घरी गेल्यावर

नातेवाईक एकच विचारतात, 'ही गोळी कधी सुटणार?' डिस्चार्जच्या दिवशी तारीख देऊ नका. हे मधुमेहाच्या गोळीसारखं चालवायचं औषध आहे, महिने किंवा वर्षं. दहा दिवसांत टर्की उतरवून घरी पाठवणं म्हणजे माणूस आणखी धोक्यात टाकणं, कारण सवय गेलेली असते पण हात जुन्या मापाने पुडी उघडतो. पहिले दोन आठवडे सर्वात धोक्याचे. पेशंटला हे तोंडावर सांगा: 'परत घेतलंच तर पूर्वीइतकं नको, एकट्याने नको, दारू-बटनसोबत नको.' असं सांगणं म्हणजे परवानगी देणं, असं काही सिस्टरना वाटतं. न सांगितल्याने कुणी थांबल्याचं दिसत नाही.

रात्रीतून उचलून नेणाऱ्या 'मुक्ती केंद्रां'पासून सावध राहायला सांगा. नोंदणी विचारा, डॉक्टर रोज येतो का विचारा, बुप्रेनॉर्फिन चालू ठेवतात का विचारा. तिसऱ्याला 'आम्ही गोळ्या देत नाही' असं उत्तर आलं तर तिथे पाठवू नका.

घरच्यांना दाखवून, करून घेऊन शिकवायचं:

१. हाक मारून, छातीच्या हाडावर मुठीने चोळून उठवायचं. उठत नाही, ओठ निळे, घोरल्यासारखा अडखळता श्वास: १०८ ला फोन.
२. पाठीवर झोपवून, हनुवटी वर करून, नाक दाबून दर ५ सेकंदांनी एक श्वास तोंडाने द्यायचा.
३. नॅलॉक्सोन दिलेलं असेल आणि शिकवलेलं असेल तर ०.४ मिग्रॅ मांडीच्या स्नायूत. २-३ मिनिटांत फरक नसेल तर दुसरं.
४. श्वास चालू झाला की डाव्या कुशीवर. मदत येईपर्यंत एकटं सोडायचं नाही, 'झोपला आहे, झोपू दे' म्हणायचं नाही.
५. मिठाचं पाणी टोचणं, थंड पाण्याच्या नळाखाली धरणं, चालवत फिरवणं, तोंडात लिंबू पिळणं: यातलं काहीही नाही.

डिस्चार्जनंतर तिसऱ्या दिवशी समाजसेवा अधिकाऱ्याने केंद्राला फोन करून एवढंच विचारायचं की पेशंट आला का. नसेल आला तर पेशंटला फोन. बरेचदा तो कार्ड हरवलं म्हणून गेलेला नसतो. म्हणून डिस्चार्जच्या वेळी कार्डाचा फोटो त्याच्या किंवा बहिणीच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा.